ताफ्यातल्या दोन पिशव्या

रुग्णवाहिकेच्या काचेवर सगळ्यात आधी आदळली ती रक्ताची पिशवी. दगड नंतर आले.

पिशवी फुटली आणि आतलं जुनं, काळं पडलेलं रक्त काचभर पसरलं. याकूबभाईंनी सवयीने वायपर लावला. त्याने काच पुसली गेली नाहीच, उलट सगळी बरबटली, आणि समोरचा पूल, पुलावरच्या गाड्या, माणसं, सगळं दिसेनासं झालं. याकूबभाईंनी ब्रेक दाबला. पिशवी वायपरला अडकून इकडून तिकडे फिरत होती. तिच्यावरची चिठ्ठी मला आतूनही ओळखता आली. तिच्यावर आमच्या रुग्णालयाचा शिक्का होता आणि खाली माझी सही.

मी तेव्हा जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीत वैद्यकीय अधिकारी होते. तिशी अजून गाठायची होती. माझ्या पायांशी निळी शीतपेटी होती आणि तिच्यात ओ निगेटिव्ह रक्ताच्या दोन पिशव्या होत्या. त्या मंत्र्यांसाठी होत्या.

मोठ्या माणसाचा दौरा असला की ताफ्याच्या शेवटी एक रुग्णवाहिका चालते आणि तिच्यात त्या माणसाच्या गटाचं रक्त ठेवावं लागतं. आमच्या या मंत्र्यांचा गट ओ निगेटिव्ह. आपल्याकडे फार थोड्या लोकांचा हा गट असतो आणि अडचणीच्या वेळी तो कुणालाही देता येतो, त्यामुळे आम्ही त्या पिशव्या जिवापाड जपायचो. पण दौऱ्याचा फोन आला की त्याच काढून पेटीत घालाव्या लागत. दिवसभर पेटी उन्हात फिरायची, कुणीतरी उघडून बघायचं, बर्फ वितळायचा. रक्त सतत थंडाव्यात राहिलं याची खात्री नसेल तर ते पुन्हा साठ्यात घेता येत नाही. संध्याकाळी पेटी परत आली की मी पिशव्यांवर 'नष्ट करणे' असं लिहून सही करायची, आणि त्या कचऱ्याच्या गाडीतून जायच्या. मंत्र्यांना कधी साधं खरचटलंही नव्हतं.

त्या सकाळी मी सिव्हिल सर्जन डॉ. टाकसाळे यांच्याकडे जाऊन भांडले. रक्त पेढीतच राहू द्या, मंत्र्यांचा मार्ग आपल्या दारावरूनच जातो, गरज पडली तर आपण धावू, असं परोपरीने सांगितलं. टाकसाळे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझं पटतं असंही म्हणाले, आणि मग म्हणाले की वरचा हुकूम आहे, त्यात आपलं काही चालत नाही. शेवटी त्यांनी एक तोड काढली. या वेळी पेटीबरोबर मी स्वतः जायचं. पेटी कुणाला उघडू द्यायची नाही, आतलं तापमान बघत राहायचं, आणि संध्याकाळी दोन्ही पिशव्या परत साठ्यात घेण्याजोग्या घेऊन यायच्या. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी थोड्या ताठ्यातच गाडीत बसले. या वेळी एक थेंबही वाया जाऊ द्यायचा नाही असं मनाशी ठरवलं होतं.

बंदोबस्ताचे प्रमुख निरीक्षक रणदिवे होते. निघताना त्यांनी मला बजावलं की त्यांच्या हुकमाशिवाय पेटीचं झाकण उघडायचं नाही. मी म्हटलं, माझीही तीच इच्छा आहे. पेटीवर पहारा म्हणून त्यांनी हवालदार लोखंडे यांना आमच्या गाडीत बसवलं. लोखंडे पन्नाशीचे, पोट सुटलेले, मिशीला कलप लावणारे. वाटेत त्यांनी विचारलं की पेटीत मंत्र्यांचं रक्त आहे का. मी म्हटलं, मंत्र्यांसाठीचं आहे, पण दिलेलं दुसऱ्याच कुणीतरी. त्यावर ते बराच वेळ पेटीकडे बघत बसले.

मंत्री निघाले होते आंबेगव्हाणला. जिल्ह्यातल्या सगळ्या दवाखान्यांचा कचरा जाळायचा कारखाना तिथे उभा राहायचा होता आणि त्याचं भूमिपूजन होतं. गावाच्या आधी एक ओढा आणि त्यावर अरुंद फरशी पूल आहे. पुलाच्या दोन्ही अंगांना गुडघ्याएवढे दगडी खुंट. त्या पुलावर लोकांनी मेंढरं आणून उभी केली होती. हे आम्हाला नंतर कळलं. काचेवर पिशवी आदळण्याआधी समोर फक्त पांढरं-काळं काहीतरी हलताना दिसत होतं.

लोखंड्यांनी बाजूचं दार उघडून बाहेर डोकावलं आणि लगेच ओढून घेतलं. तेवढ्यात मी जे पाहिलं ते पुरे होतं. पोलीस मेंढरांना लाठ्यांनी झोडपत होते. मेंढरं वाट न सुचून एकमेकांच्या अंगावर चढत होती, काही ओढ्यात पडत होती. एक धनगर आडवा आला तर त्याच्या मानेवर लाठी बसली आणि तो मेंढरांतच कोसळला. मग दोन्ही बाजूंच्या बाभळींतून माणसं निघाली. दगड सुरू झाले. पत्र्यावर असा आवाज होत होता की बोललेलं ऐकू येईना. पेटी मी मांडीवर घेतली आणि अंगाखाली धरली.

माझ्या बाजूची काच काठीच्या एका घावात फुटली. बाहेर चाळिशीचा एक माणूस उभा होता. डोक्याला तांबडं मुंडासं, कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलेलं. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तशीच एक फुगलेली, काळी पडलेली पिशवी. त्याचं नाव बिरू मासाळ, हे मला नंतर समजलं. त्याने ती पिशवी माझ्या तोंडासमोर धरली.

"ह्ये तुमच्या दवाखान्याचं का न्हाई? खरं सांगा."

मी चिठ्ठी पाहिली आणि म्हटलं, "हो. आमचंच."

नाही म्हणेन असंच त्याला वाटलं असावं. काठी वर गेली होती ती तशीच थांबली. मग त्याने सांगायला सुरुवात केली, ओरडून, कारण आजूबाजूला तसाच गोंधळ होता. कचऱ्याची गाडी त्यांच्या गायरानात सगळं ओतून जाते. सुया, पट्ट्या, नळ्या, रक्त. मेंढरं ते खातात आणि पोट फुगून मरतात. लेकरं तिथे अनवाणी फिरतात. दोनदा तहसीलला जाऊन आलो, कुणी उभं करून घेतलं नाही, आणि आता म्हणे तिथेच कारखाना.

"माझी भावजय तुमच्या दवाखान्यात बाळंत व्हताना गेली," तो म्हणाला. "रगात न्हाई म्हनून सांगितलं आम्हाला. शिल्लकच न्हाई. अन् हितं बघा, कुत्री वढत्यात."

याला उत्तर होतं. प्रत्येक गट प्रत्येकाला चालत नाही, प्रत्येक पिशवीला मुदत असते, ज्या दिवशी लागतं त्या दिवशी नेमकं नसतं आणि नसतं त्याच्या दुसऱ्या दिवशी सडत पडलेलं असतं. यातलं एकही वाक्य त्या माणसाला सांगण्याजोगं नव्हतं. लोखंड्यांनी मधे हात घालून त्याला मागे सारायचा प्रयत्न केला, तोच कुठूनसा दगड आला आणि त्यांच्या तोंडावर बसला. ते खाली बसले आणि ओंजळीत दात थुंकले.

आणि मग जीप मागे आली.

मंत्र्यांची गाडी पुलाच्या मध्यावर अडकली होती. तिला बाहेर काढायचं तर मागच्या गाड्यांनी आधी मागे यायला हवं होतं. तिच्या मागच्या पोलीस जीपच्या चालकाने मागे न बघता गाडी मागे घेतली, तीही जिवाच्या आकांताने. पुलाच्या तोंडाशी एक बाई पायाखाली आलेलं कोकरू उचलायला वाकली होती. जीपने तिला दगडी खुंटावर चेपलं. आवाज झाला तो मी अजूनही कुणाला सांगू शकलेले नाही. जीप पुढे झाली, बाई खुंटावरून घसरून खाली बसली, आणि जीप तिला वळसा घालून पुन्हा मागे निघून गेली. तिच्यामागून मंत्र्यांची गाडी आली, आमच्या आरशाला घासून डांबरी रस्त्याकडे सुसाट गेली.

बिरू काठी टाकून धावला. ती त्याची बायको होती, ठकूबाई.

त्यानंतर जे झालं ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. लोक वेडे झाले. याकूबभाईंना दारातून ओढून खाली पाडलं आणि लाथांनी तुडवलं. ते डोकं हातांत धरून चाकाशी मुटकुळं करून पडले होते आणि एवढंच म्हणत होते की गाडी दवाखान्याची आहे, गाडी दवाखान्याची आहे. मी पेटी घेऊन मागच्या दाराने उतरले. मला कुणी का मारलं नाही ठाऊक नाही. ठकूबाईचं लुगडं मांडीपासून भिजलं होतं आणि रक्त ठोके देत येत होतं. मी मूठ आत दाबली आणि गुडघ्याने भार दिला. लोखंडे माझ्या मागोमाग आले होते. तोंडातून रक्त गळत होतं, तरी त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि मी सांगितलं तिथे, मांडीवर वरच्या बाजूला, जोर लावून आवळला. बिरूने आणि त्यांनी मिळून तिला उचललं. धनगर आणि हवालदार. आजूबाजूला लाठ्या आणि दगड चालूच होते आणि ते दोघं तिला घेऊन मधून चालत आले.

तिला गाडीत घेतलं तोवर रणदिवे आले. त्यांची टोपी गेली होती, कान फाटला होता. हातात वायरलेस. ते म्हणाले, मंत्र्यांची गाडी पुढे थांबली आहे, रुग्णवाहिका ताबडतोब मागे लावा, हिला खाली उतरवा.

मी पेटीचं झाकण उघडलं.

"त्याला हात लावू नका," ते म्हणाले.

मी पिशवी बाहेर काढली. त्यांनी माझा दंड धरून मला दाराकडे ओढलं. मी दुसऱ्या हाताने स्ट्रेचरचा गज धरला. तेव्हा त्यांनी लाठी उगारली आणि माझ्या मनगटावर मारली. हाड मोडल्याचं मला आधी कळलं, दुखलं मागाहून. पिशवी ठकूबाईच्या पोटावर पडली, फुटली मात्र नाही. त्यांनी पुन्हा लाठी उचलली, पण ती खाली आली नाही. मागून लोखंड्यांनी ती धरली होती.

"साहेब, मंत्री गेले," लोखंडे म्हणाले. तुटलेल्या दातांमुळे शब्द फुटत नव्हते. "बाई हाय अजून."

आपल्या साहेबाची लाठी धरलेला हवालदार मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. रणदिवे त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. तेवढ्या वेळात जमाव पोचला. कुणीतरी रणदिव्यांना पट्ट्याला धरून खाली खेचलं आणि ते माणसांत दिसेनासे झाले. काठ्या वर जाताना दिसत होत्या, खाली येताना नाही. एकाच्या हातात कुऱ्हाड होती. लोखंड्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, गाडीचं दार बाहेरून लावलं, आणि मग त्या काठ्यांखाली शिरून रणदिव्यांच्या अंगावर पालथे पडले. काचेतून मला त्यांची खाकी पाठ दिसली आणि तिच्यावर उतरणाऱ्या काठ्या दिसल्या.

याकूबभाई कसे चढले, त्यांनी एका डोळ्याने गाडी कशी वळवली, देव जाणे. गाडी निघाली.

उजवा हात कामातून गेला होता. डाव्या हाताने मी कधी शीर टोचली नव्हती. बिरूला सांगितलं, तिचा हात घट्ट धरा, कोपराच्या वर आवळा. दोनदा सुई चुकली. तिसऱ्यांदा लागली. गट तपासायला वेळ नव्हता, आणि ओ निगेटिव्हला त्याची वाट बघावी लागत नाही. पिशवी जोडली, बिरूच्या हातात दिली आणि सांगितलं की जमेल तितकी वर धरा, मुठीने दाबत राहा. गाडीच्या छताला आकडा होता, पण रस्ता असा होता की आकड्याला लावलेली पिशवी राहिली नसती.

तो उभा राहिला. एक पाय बाकावर, एक जमिनीवर, पाठ छताला टेकलेली. थोड्या वेळाने त्याने पिशवीवरची चिठ्ठी बघितली. वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक.

"ह्ये बी मुदत संपलेलं हाय का, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "चांगलं आहे. मंत्र्यांसाठी ठेवलेलं."

"अन् त्यास्नी न्हाई लागलं तर?"

"तर परत नेऊन टाकून द्यायचं."

तो मुठीने पिशवी दाबत राहिला. गार रक्त नळीतून उतरत होतं, आणि थोड्या वेळाने ठकूबाईच्या ओठांचा निळेपणा गेला. पहिली पिशवी संपता संपता तिने डोळे उघडले. मला हे अपेक्षित नव्हतं. मी दुसरी जोडली. तिने आधी छताकडे पाहिलं, मग बिरूकडे, आणि ती बोलायला लागली. हळू, पण स्पष्ट. बिरूने कान खाली आणला, पण हात खाली आणला नाही. ती बराच वेळ बोलली. मधे एकदा हसल्यासारखी झाली. बिरू हुं हुं करत होता. मी तिची नाडी धरून बसले होते, तोंड दुसरीकडे करून, कारण त्या एवढ्याशा गाडीत त्यांना तेवढीच जागा करून देता येत होती.

डांबरी रस्त्याला लागलो, जिल्ह्याच्या गावची घरं दिसायला लागली, आणि माझ्या बोटांखालची नाडी थांबली. मी छाती दाबली, एका हाताने जमेल तेवढी. तिच्या ओटीपोटात आत कुठेतरी तुटलं होतं, तिथे पट्टा आवळता येत नव्हता. दुसऱ्या पिशवीत तळाशी थोडं रक्त उरलं होतं. मी बिरूला म्हटलं, आता हात खाली घ्या. त्याने घेतला नाही. रुग्णालयाच्या दारात गाडी थांबली, शिपाई स्ट्रेचर घेऊन आले, तरी तो तसाच उभा होता. शेवटी याकूबभाईंनी मागे येऊन त्याचा हात धरून खाली केला. तो इतका ताठरला होता की बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याला तिथेच अटक झाली.

संध्याकाळी पोलीस आंबेगव्हाणात शिरले. घराघरांतून माणसं ओढून काढली, बायकांनाही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जखमींची रांग लागली आणि मी हात गळ्यात बांधून, डाव्या हाताने, त्या सगळ्यांचं रक्त जुळवत बसले. रणदिवे वाचले, एक डोळा गेला. लोखंड्यांच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या. ते खाटेवर असतानाच त्यांना निलंबनाचा कागद मिळाला, वरिष्ठांवर हात उचलल्याबद्दल. आपल्या अंगावर कोण पालथं पडलं होतं ते आठवत नाही, असं रणदिव्यांनी जबाबात सांगितलं.

माझीही चौकशी लागली. ताफ्यातली रुग्णवाहिका मंत्र्यांच्या मागे न नेल्याबद्दल, आणि राखीव रक्ताचा अपव्यय केल्याबद्दल. अपव्यय हा शब्द कागदावर तसाच होता. इतकी वर्षं दर दौऱ्यानंतर मी रक्त कचऱ्यात घातलं, तेव्हा तो शब्द कुणी काढला नव्हता.

चौकशीच्या आदल्या दिवशी याकूबभाई माझ्याकडे आले. डोळ्याची सूज उतरली नव्हती. तुरुंगातल्या एका शिपायाकडून त्यांना कळलं होतं की पोलिसांचं बिरूशी बोलणं चालू आहे. त्याने एवढंच सांगायचं होतं की त्याची बायको चेंगराचेंगरीत पडली आणि उचलली तेव्हाच मेलेली होती. मग जीप मोकळी. मी मंत्र्यांचं रक्त मुडद्यावर घातलं असं सिद्ध होणार. आणि रणदिव्यांवर काठ्या पडल्या तेव्हा बिरू गाडीत होता, तरी त्याच्यावर लावलेला त्यांच्या खुनाच्या प्रयत्नाचा खटला मागे घेतला जाणार.

याकूबभाई म्हणाले, "तो तसं बोलला तर त्याला दोष देऊ नका, मॅडम. त्याची पोरगी शेजाऱ्यांकडे आहे. मेंढरं चार घरी वाटून दिलीत."

मी म्हटलं, देणार नाही. आणि खरंच, रात्रभर विचार करूनही मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर तसंच बोलले असते.

चौकशी सरकारी विश्रामगृहात झाली. चौकशी अधिकारी महसूल खात्यातले होते, वयस्क, हळू बोलणारे. टाकसाळे कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. माझा जबाब आधी झाला. मग बिरूला आणलं. मुंडासं नव्हतं, केस भादरलेले होते. शेजारी शिपाई उभा. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

अधिकाऱ्यांनी विचारलं की त्या दिवशी बायको कशी पडली. तो म्हणाला, जीपनं चिरडली. शिपायाने घसा खाकरला. अधिकाऱ्यांनी त्याला समजावून सांगितलं की जबाब महत्त्वाचा आहे, त्यावर त्याचंही बरंच काही अवलंबून आहे, तेव्हा नीट आठवून बोलावं. मग त्यांनी विचारलं, "गाडीत घातली तेव्हा ती जिवंत होती का?"

बिरू आपल्या उजव्या हाताकडे बघत होता.

"व्हती," तो म्हणाला.

"हे तुम्ही कशावरून सांगता? डॉक्टर नाही तुम्ही."

"बोलली की."

"बोलली?"

"रगात चाललं व्हतं तवर बोलली. म्या पिशवी धरली व्हती वर."

अधिकाऱ्यांनी टंकलेखकाला थांबायची खूण केली. त्यांचा आवाज आता वेगळा होता. त्यांनी विचारलं की ती पुष्कळ बोलली की नुसती कण्हली. बिरू म्हणाला, पुष्कळ. लगीन झाल्यापासून एवढी बोलली नव्हती.

"काय बोलली?"

बिरूने मान वर केली.

"ते घरचं व्हतं, साहेब," तो म्हणाला. "ते लिवू नका."

अधिकारी म्हणाले की ती शुद्धीवर होती हे सिद्ध करायचं तर निदान एक वाक्य तरी नोंदवावं लागेल. त्याशिवाय नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याने नाही म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं. तो गप्प. खटल्याची आठवण करून दिली. तो गप्पच. दंडाला धरून शिपाई त्याला खुर्चीवरून उठवायला लागला, तेव्हा अधिकारी माझ्याकडे वळले.

"डॉक्टर, तुम्ही तिच्या शेजारीच होता. तुम्ही ऐकलं असेल."

मी ऐकलं होतं. शब्दन् शब्द ऐकला होता. एक वाक्य सांगितलं असतं तर माझ्यावरचा ठपका तिथेच पुसला गेला असता, आणि त्याचाही जबाब पक्का झाला असता. बिरू पहिल्यांदा माझ्याकडे बघत होता.

"ती शुद्धीवर होती आणि बोलत होती," मी म्हटलं. "काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. गाडीचा आवाज फार होता."